सुरुंग पेरणाऱ्याने काढणीचाही हिशेब ठेवावा

विद्यार्थी मित्रांनो, युद्धनौका म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? लांबलचक नळ्यांच्या तोफा, आकाशाकडे तोंड केलेली क्षेपणास्त्रे, नाही तर विमाने वाहून नेणारे एखादे प्रचंड जहाज. पण नौदलांच्या इतिहासात जहाजांचा असाही एक वर्ग आहे, की ज्याने तोफेचा एक गोळाही न उडवता मोठमोठी जहाजे बुडविली आहेत. ही जहाजे बहुधा रात्री येतात, मागच्या बाजूने अवजड गोळे एकेक करून पाण्यात सोडतात आणि उजाडण्यापूर्वी निघून जातात. ही पाणसुरुंग पेरणारी जहाजे होत.

या लेखात त्यांची ओळख करून घ्यायची आहेच. पण त्याबरोबर एक मतही तुमच्यापुढे मांडायचे आहे. पटले तर घ्या. न पटले तर वर्गात त्यावर वाद घाला. ते मत असे : सुरुंग पेरणे हे अर्धेच काम आहे. कोठे, किती आणि किती खोल पेरले याची नोंद ठेवणे, आणि गरज संपली की ते काढून घेणे, हे उरलेले अर्धे काम होय. या दुसऱ्या अर्ध्याची ज्याची तयारी नाही, त्याने पहिल्या अर्ध्याला हात घालू नये.

एकलहऱ्याचा समुद्राशी काय संबंध?

हा लेख एकलहऱ्यात बसून लिहिला आहे. नाशिकजवळच्या या गावी औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याचा कोळसा आगगाडीने येतो आणि पाणी गोदावरीचे. समुद्र पाहायचा तर सह्याद्री उतरून शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते. मग इथल्या मुलांनी पाणसुरुंगांचा विचार कशासाठी करावा?

आपल्या तालुक्यातील द्राक्षे आणि कांदा पाहा. परदेशी जाणारा माल कंटेनरमध्ये भरला जातो, कसारा घाट उतरून न्हावा-शेव्याच्या बंदरात पोहोचतो आणि तेथून जहाजाने आखाती देशांत किंवा युरोपात जातो. उलट दिशेने काय येते? देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग. ट्रॅक्टरमधले डिझेल आणि स्वयंपाकघरातील गॅस यांचा माग काढत गेलात, तर तो कोठल्या तरी बंदरात जाऊन पोहोचतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अनेक जहाजांना सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागला. नाशिकची द्राक्षे युरोपात पोहोचायला उशीर होऊ लागला आणि भाडेही वाढले. ते हल्ले क्षेपणास्त्रांचे आणि चालकविरहित विमानांचे होते. पण जहाजांचा रस्ता अडला की त्याची कळ घाटमाथ्यावरही पोहोचते, हे त्यावरून ध्यानात यावे. आणि रस्ता अडविण्याचे सर्वांत स्वस्त साधन कोणते, असे विचाराल तर उत्तर एकच : पाणसुरुंग.

मुंबईसमोरची पेरणी

पाणसुरुंग ही काही दूरदेशीची गोष्ट नव्हे. एकदा ते आपल्या मुंबईसमोरच पेरले गेले होते. त्या प्रसंगाची माहिती पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनीने 'वाखफेल्स' नावाच्या एका साध्या मालवाहू आगबोटीचे रूप पालटून तिला 'वुल्फ', म्हणजे लांडगा, असे नाव दिले. तिच्या तोफा बाहेरून दिसू नयेत अशा लपविल्या होत्या आणि पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग भरले होते. कार्ल ऑगस्ट नेर्गेर हा तिचा कप्तान. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी ती कील बंदरातून निघाली, ब्रिटिश नौदलाचा पहारा चुकवून अटलांटिक महासागरात उतरली आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ तिने पहिले सुरुंग पेरले. पुढे फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबोसमोर आणि त्याच महिन्यात मुंबईसमोर तिने तेच काम केले. कोणाला काही कळले नाही. दुरून पाहणाऱ्याला ती एक मालवाहू बोटच वाटली असती.

त्यानंतर चार महिने लोटले. जून १९१७ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडाला, मुंबईजवळच्या समुद्रात एकामागून एक स्फोट होऊ लागले. 'सिटी ऑफ एक्झेटर' या बोटीची हानी झाली, 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडाली आणि २३ जून रोजी पी. अँड ओ. कंपनीची मोठी प्रवासी आगबोट 'मंगोलिया' सुरुंगाला लागून तळाशी गेली. वीसहून अधिक माणसे दगावली.

आता नकाशा उघडा आणि एक गोष्ट ताडून पाहा. 'मंगोलिया' बुडाली त्या दिवशी 'वुल्फ' कोठे होती? ती न्यूझीलंडच्या आसपास होती, आणि दोनच दिवसांनी तिने तेथील समुद्रातही सुरुंग टाकले. म्हणजे मारणारा आणि मरणारे यांच्यामध्ये हजारो किलोमीटरांचे आणि चार महिन्यांचे अंतर होते. तोफ डागणाऱ्याला आपला नेम निदान दिसतो. येथे पेरणाऱ्याला आपण कोणाला मारले हे ठाऊक नव्हते आणि मरणाऱ्यांना आपणांस कोणी मारले हे कळले नाही.

सुरुंग स्वतःची खोली कशी मोजतो?

आता थोडे विज्ञान पाहू. जुन्या पद्धतीचा नांगरलेला सुरुंग म्हणजे स्फोटकाने भरलेला एक पोकळ लोखंडी गोळा. आत हवा असल्याने तो पाण्यापेक्षा हलका असतो. सोडून दिला तर तरंगेल. पण तरंगणारा सुरुंग सर्वांना दिसतो. तो पृष्ठभागाखाली तीन-चार मीटर राहिला पाहिजे. जहाज तर चालत असते आणि खाली तळ कोठे उंच, कोठे खोल. मग प्रत्येक सुरुंगाचा दोर मोजून कोण कापणार?

यावर तंत्रज्ञांनी काढलेली युक्ती मोठी सुंदर आहे. सुरुंगाखाली एक जड बैठक असते आणि तिच्यात पोलादी दोराचे रीळ असते. बैठकीच्या खाली एका वेगळ्या दोरीला शिशाचे वजन लोंबत असते. समजा, सुरुंग पृष्ठभागाखाली चार मीटर राहायला हवा. मग ही दोरी बरोबर चार मीटर ठेवायची. पाण्यात टाकल्यावर गोळा तरंगत राहतो, बैठक खाली जाऊ लागते आणि रीळ उलगडत जाते. शिशाचे वजन तळाला टेकले की त्याची दोरी सैल पडते आणि त्याच क्षणी रिळाला कुलूप लागते. आता दोर आणखी सुटत नाही. पण बैठक तळापासून अजून चार मीटर वर असते. ती खाली जाताना गोळ्याला आपल्याबरोबर चार मीटर ओढून नेते. झाले! पाणी चाळीस मीटर असो की साठ, सुरुंग चार मीटरांवरच राहतो. एक बादली पाणी, एक रिकामी डबी, दोरा आणि दोन वजने घेऊन यातील तत्त्व तुम्हांला शाळेत करून पाहता येईल.

गोळ्यावर शिशाची शिंगे असतात. प्रत्येक शिंगात एक काचेची नळी आणि तीत आम्ल असते. जहाजाचा धक्का लागला की मऊ शिसे वाकते, नळी फुटते, आम्ल जस्त व कार्बन यांच्या पट्ट्यांवर पडते आणि क्षणात विद्युतघट तयार होतो. त्या प्रवाहाने स्फोटक पेटते. मग सुरुंग पेरताना तो पेरणाऱ्याच्याच जहाजाखाली का फुटत नाही? त्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराचा एक तुकडा मध्ये अडकवून ठेवीत. तो विरघळेपर्यंत सुरुंग झोपलेला असतो. तेवढ्या वेळात जहाजाने दूर निघून जायचे.

नंतरच्या काळात तळावर पडून राहणारे सुरुंग निघाले. त्यांना धक्का लागावा लागत नाही. लोखंडी जहाजामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा फरक, यंत्रांचा आवाज, जहाज वरून जाताना पाण्याच्या दाबात होणारा बदल, यांपैकी एक किंवा अनेक खुणा ओळखून ते फुटतात. काहींना मोजताही येते. पहिली पाच जहाजे जाऊ द्यायची आणि सहाव्याला फुटायचे, असे त्यांना आधी सांगून ठेवता येते!

पेरणीचा वेग आणि काढणीचा वेग

आता एक गणित करू. सुरुंग पेरणारे जहाज ताशी १२ सागरी मैल वेगाने चालले आहे. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेव्हा जहाज सेकंदाला सुमारे ६.२ मीटर जाते. दर १५ सेकंदांनी एक सुरुंग टाकला, तर दोन सुरुंगांत सुमारे ९३ मीटर अंतर पडते. शंभर सुरुंग टाकायला किती वेळ लागेल? अंतरे ९९, म्हणजे १,४८५ सेकंद, म्हणजेच सुमारे २५ मिनिटे. शाळेचा एक तास संपण्याच्या आत नऊ किलोमीटर समुद्र बंद!

काढणीचे गणित असे सोपे नाही. नांगरलेले सुरुंग काढायला जहाजामागून लांब पोलादी दोर ओढतात. त्यावरील कात्र्यांनी सुरुंगाचा दोर कापला की गोळा वर येतो आणि मग दुरून बंदुकीने तो फोडतात. काम संथ आणि जीवावरचे. तळावरच्या सुरुंगांना तर कापायला दोरच नसतो. ध्वनिलहरी सोडून तळावरील एकेक वस्तू तपासावी लागते. खडक, जुना नांगर, गंजलेले पिंप, सगळे सुरुंगासारखेच दिसते. शिवाय तो मोजणारा सुरुंग असेल, तर एकदा वरून सुखरूप गेलो म्हणून रस्ता मोकळा झाला असे म्हणता येत नाही. १९१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी उत्तर समुद्रात काही महिन्यांत सुमारे सत्तर हजार सुरुंगांची भिंत उभारली. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ती मोडताना काढणाऱ्यांपैकी काहीजणांना प्राण गमवावे लागले. लढाई संपलेली होती, पण मरण संपले नव्हते.

नकाशा बुडाला तर?

पेरणाऱ्या जहाजावरील सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती? तुम्ही म्हणाल सुरुंग. माझ्या मते ती म्हणजे नोंदवही आणि नकाशा. याला इतिहासात एक दारुण उदाहरण आहे.

रशियाच्या नौदलात 'येनिसेई' आणि 'आमूर' अशी दोन जुळी जहाजे होती. मुद्दाम सुरुंग पेरण्यासाठीच बांधलेल्या जगातील पहिल्या काही जहाजांत त्यांची गणना होते. १९०४ मध्ये रशिया आणि जपान यांचे युद्ध सुरू झाले. ११ फेब्रुवारी रोजी डाल्नी बंदराजवळ सुरुंग पेरता पेरता 'येनिसेई' आपल्याच सुरुंगाला लागली आणि बुडाली. तिच्याबरोबर त्या सुरुंगांचा नकाशाही गेला. त्यानंतर तिकडे पाठविलेली 'बोयारिन' ही रशियन क्रूझरही त्याच सुरुंगांत सापडून निकामी झाली. आपलेच शेत, पण बी कोठे पेरले ते सांगणारा उरला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात 'आमूर'ने पेरलेल्या सुरुंगांनी जपानच्या 'हात्सुसे' आणि 'याशिमा' या दोन मोठ्या युद्धनौका बुडविल्या. रशियाच्या दृष्टीने तो विजय होता. पण या युद्धातील सुरुंग युद्धाबरोबर संपले नाहीत. दोर तुटून वाहत सुटलेल्या सुरुंगांमुळे पुढे कितीतरी चिनी कोळी आणि खलाशी मेले. १९०७ च्या हेग परिषदेत चीनच्या प्रतिनिधीने ही संख्या पाचशेहून अधिक असल्याचे सांगितले. ध्यानात घ्या, त्या युद्धात चीन लढतच नव्हता.

आपल्या ओळखीच्या 'वुल्फ'चेही तसेच. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी ती कील बंदरात परत पोहोचली आणि तिचे मोठे स्वागत झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ जून १९१८ रोजी, न्यूझीलंडच्या उत्तरेला 'विमेरा' ही प्रवासी बोट तिने वर्षापूर्वी टाकलेल्या सुरुंगाला लागली आणि २६ माणसे बुडाली. कप्तान घरी पोहोचला होता; सुरुंग मात्र कामावरच होता.

अशा घटनांमुळे १९०७ साली हेग येथे राष्ट्रांनी पाणसुरुंगांविषयी एक करार केला. न नांगरलेला सुरुंग पेरणाऱ्याच्या ताब्यातून सुटल्यावर एका तासाच्या आत निरुपद्रवी झाला पाहिजे. नांगरलेल्या सुरुंगाचा दोर तुटला तर तोही निरुपद्रवी झाला पाहिजे. शांततेने प्रवास करणाऱ्या जहाजांच्या सुरक्षिततेसाठी शक्य ती सर्व काळजी घेतली पाहिजे. युद्ध संपताच ज्याने त्याने आपले सुरुंग काढले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. केवळ व्यापारी जहाजे अडविण्याच्या हेतूने शत्रूच्या किनाऱ्यासमोर सुरुंग टाकू नयेत, असेही कलम आहे. पण त्यातील 'केवळ' हा शब्द पाहा. 'आमचा हेतू केवळ तेवढाच नव्हता' असे म्हणायला कोणाला काय लागते? कायद्यातील अशी एक फट पुढे मुंबईसमोरच्या समुद्राएवढी रुंद होते.

दुसरी बाजू

येथे एखादा विद्यार्थी हात वर करील. "सर, सुरुंग हे दुर्बळाचे शस्त्र आहे. ज्या देशाजवळ मोठ्या युद्धनौका नाहीत, त्याने आपला किनारा कसा राखायचा?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उदाहरणही भक्कम आहे. ८ मार्च १९१५ च्या पहाटे 'नुसरेत' या तुर्कस्तानच्या लहानशा जहाजाने दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत २६ सुरुंग पेरले. दहा दिवसांनी ब्रिटिश आणि फ्रेंच आरमार मोठ्या दिमाखात आत शिरले. 'बूव्हे' ही फ्रेंच युद्धनौका काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. 'इररेझिस्टिबल' आणि 'ओशन' या ब्रिटिश नौकाही गेल्या. आरमार मागे फिरले. सव्वीस सुरुंगांनी जगातील सर्वांत बलाढ्य आरमार अडविले!

म्हणून पाणसुरुंग मुळातच नीच आहेत आणि ते कोणी वापरूच नयेत, असे मी म्हणत नाही. आपल्या दाराला कडी लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण 'नुसरेत' आणि 'वुल्फ' यांत फरक आहे. पहिलीने आपल्याच पाण्यात, चालून येणाऱ्या युद्धनौकांच्या वाटेवर सुरुंग पेरले. दुसरीने परक्या बंदरांच्या तोंडाशी, कोणते जहाज लागेल याची पर्वा न करता पेरले. सुरुंग तोच, पेरण्याची रीतही तीच. वेगळी होती ती जबाबदारी.

दुसरा आक्षेप असा : "शत्रू नियम पाळत नसेल तर आपणच का पाळावे?" याचे उत्तर नीतीच्या आधी व्यवहारात आहे. सुरुंगाला झेंडा ओळखता येत नाही. ब्रिटनच्या वेगवान सुरुंग-पेरणी जहाजांपैकी 'अब्दील' हे ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावू शकणारे नामांकित जहाज. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतील तारांतो बंदरात ते स्वतःच शत्रूने टाकलेल्या सुरुंगांमुळे बुडाले. सुरुंगांच्या विद्येत निष्णात असलेल्या जहाजाला जर पाण्याखालचे दिसले नाही, तर मासे पकडणाऱ्या होडीला काय दिसणार? ज्या समुद्रात आपले कोळी जाळी टाकतात, त्या समुद्रात नोंद नसलेला सुरुंग टाकणे म्हणजे शत्रूचे काम आपणच करून ठेवणे होय.

आणि हे धोके जुन्या काळाबरोबर गेले असे समजू नका. इराण-इराक युद्धाच्या काळात, सप्टेंबर १९८७ मध्ये, 'इराण अज्र' हे जहाज रात्री इराणच्या आखातात सुरुंग टाकताना अमेरिकनांच्या हाती सापडले. ते काही खास युद्धनौका नव्हते. माल वाहण्याजोगे साधे जहाज होते. पुढच्या वर्षी १४ एप्रिल रोजी त्याच आखातात 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स' ही अमेरिकन नौका एका सुरुंगाला लागली. त्या सुरुंगाचा मूळ आराखडा १९०८ सालचा होता! ऐंशी वर्षांपूर्वीच्या विद्येने आधुनिक नौकेचे पोट फाडले. तिच्या दुरुस्तीला सुमारे नऊ कोटी डॉलर लागले. हे आखात म्हणजे भारताकडे येणाऱ्या तेलाची वाट, हे वेगळे सांगायला नको.

आधी काढणी, मग पेरणी

आता आपल्या देशाकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत सुरुंग काढणारी जहाजे होती. त्यांतील एकाचे नाव 'कोकण' असे होते. स्वातंत्र्यानंतर १९७८ ते १९८८ या काळात भारतीय नौदलात सोव्हिएत बनावटीची अशी बारा जहाजे दाखल झाली. 'रत्नागिरी' आणि नवी 'कोकण' ही त्यांतलीच. त्यांचे मुख्य काम काढणीचे. प्रसंगी ती थोडे सुरुंग पेरूही शकत. ती म्हातारी होत गेली आणि एकेक करून निवृत्त झाली. 'कारवार' आणि 'काकीनाडा' यांना मे २०१७ मध्ये मुंबईत निरोप देण्यात आला. शेवटची 'कोझिकोड' एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिची जागा घ्यायला नवे जहाज तयार नव्हते.

पेरणीच्या बाजूला मात्र प्रगती झाली. अनेक खुणा ओळखून फुटणारा, तळावर बसणारा एक भारतीय पाणसुरुंग तयार झाला. मे २०२५ मध्ये त्याची चाचणी यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान प्रयोगशाळेने तो विकसित केला आणि त्या कामात पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचाही वाटा आहे. आपल्या शास्त्रज्ञांचे हे यश आहे आणि त्याबद्दल अभिमान वाटावा. जुलै २०२५ मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने नांगरलेले सुरुंग आणि सुरुंगविरोधी जहाजे या दोहोंच्या खरेदीला एकाच दिवशी तत्त्वतः मंजुरी दिली.

माझे म्हणणे इतकेच, की कागदावर एका ओळीत आलेल्या या दोन गोष्टी समुद्रातही बरोबरीने यायला हव्यात. आणि मागेपुढे व्हायचेच असेल, तर काढणी पुढे असावी. सुरुंग लवकर तयार होतो, जहाज बांधायला वर्षे लागतात. त्यामुळे मुद्दाम लक्ष दिले नाही तर पेरणी आपोआप पुढे जाते. ज्या खोलीत दिवा विझवायची सोय नाही, तेथे आपण मेणबत्ती लावून झोपतो काय?

यासाठी तीन गोष्टी हव्यात. पहिली, प्रत्येक सुरुंगाला आयुष्याची मर्यादा असावी. ठरलेल्या मुदतीनंतर तो आपोआप निकामी व्हावा. आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला हे अवघड नाही. दुसरी, पेरणीची नोंद जहाजावर एक आणि किनाऱ्यावर एक अशी दोन ठिकाणी, त्याच रात्री व्हावी; 'येनिसेई'चा धडा विसरता कामा नये. तिसरी, जितके सुरुंग भांडारात असतील, तितके ठरावीक मुदतीत काढता येतील एवढी जहाजे, पाण्याखाली चालणारी स्वयंचलित यंत्रे आणि शिकलेली माणसे देशाजवळ असावीत. नसतील, तर त्या भांडाराला सामर्थ्य न म्हणता उधारी म्हणावे.

"एवढा खर्च कोठून आणायचा?" असे कोणी विचारील. पण काढणीची जहाजे केवळ आपल्या सुरुंगांसाठी नसतात. उद्या एखाद्या 'वुल्फ'ने न्हावा-शेव्यासमोर रात्रीत दहा सुरुंग टाकले, तर बंदर उघडणार कोण? ते बंद पडले तर द्राक्षांचे कंटेनर गोदीतच अडकतील आणि तेलाची जहाजे बाहेर थांबतील. खरे तर दहा सुरुंगांचीही गरज नाही. सुरुंग टाकले आहेत अशी नुसती अफवा पुरे. ती खोटी आहे असे खात्रीने सांगायलाही समुद्राचा तळ तपासणारे जहाज लागतेच.

राखेचा धडा

शेवटी एकलहऱ्याकडेच परत येऊ. औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जाळतात हे सर्वांना माहीत असते. पण आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते, हे थोड्यांना ठाऊक असते. शंभर टन कोळसा आत गेला की तीस-चाळीस टन राख बाहेर यायलाच हवी. म्हणून बॉयलरचा आराखडा काढताना राख वाहून नेण्याची व्यवस्था त्याच कागदावर काढावी लागते. 'आधी वीज करू, राखेचे मग पाहू' असे म्हणणारा अभियंता दोन दिवसांत बॉयलर बंद करून बसेल. राख बाहेर पडल्यावर तिचे काय करायचे, हा प्रश्न तर पुढे वर्षानुवर्षे राहतो. विटा आणि सिमेंट यांत तिचा उपयोग करण्याचे प्रयत्न त्यातूनच निघाले.

हाच नियम प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक शस्त्राला लावा. वस्तू कशी सुरू होते एवढेच न विचारता ती कशी संपते, हेही विचारा. प्लॅस्टिकची पिशवी असो, विहिरीत पाझरणारे कीटकनाशक असो वा समुद्रतळावरचा सुरुंग असो. ज्या विज्ञानाने ती वस्तू आणली, त्याच विज्ञानावर ती आवरण्याची जबाबदारी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण पुढे नौदलात जातील, काही प्रयोगशाळांत जातील. समुद्रतळाचे नकाशे काढण्याचे शिक्षण गोव्याच्या राष्ट्रीय जलमापन संस्थेत मिळते. चुंबकत्व, ध्वनी आणि यंत्रमानव यांचा अभ्यास तर तुमच्या शाळेपासूनच सुरू होतो. सुरुंग पेरण्यापेक्षा तो शोधून काढण्यात अधिक बुद्धी लागते आणि अधिक धैर्यही लागते. १९१७ च्या त्या पावसाळ्यात मुंबईसमोर काय पेरले आहे, हे आपल्या लोकांना जहाजे बुडाल्यावर कळले. पुन्हा तशी वेळ आली, तर ते आधी कळावे. ते ओळखू शकणारी माणसे आपल्यातूनच, कदाचित तुमच्याच वर्गातून, तयार व्हायची आहेत.

आणि शिक्षकांना एक विनंती. वर आलेले सुरुंगाच्या खोलीचे तत्त्व वर्गात अवश्य करून दाखवावे. पण डबी पाण्यात खाली गेली की प्रयोग संपला असे मानू नये. ती दोरा न तोडता पुन्हा वर कशी आणाल, हा प्रश्न मुलांना विचारावा. प्रयोगाचा अवघड भाग तेथेच सुरू होतो.